लेझीमवाले डॉक्टर

मी आज जो काही आहे त्यासाठी सर्वांत जास्त ऋणी आहे तो रत्नागिरीच्या लेझीमवाल्या डॉक्टरांचा. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते लाल शाईने खोडतील आणि कागद परत पाठवतील. शिवाय त्याचा उपयोगही नाही. त्या नावाचे डॉक्टर गावात फारसे कोणाला माहीतच नाहीत. लेझीमवाले म्हटलं की मात्र रिक्षावाला पुढचं काही न विचारता रिक्षा वळवतो.

हे नाव पडलं एका रंगाऱ्यामुळे. डॉक्टरांनी दातांसाठी लेझरचं मशीन आणलं तेव्हा दवाखान्याबाहेर नवीन पाटी करायला दिली. ‘येथे लेझरने दातांची कीड काढली जाते’ एवढाच मजकूर होता. रंगारी त्याच आठवड्यात एका शाळेच्या संमेलनाचे फलक रंगवत होता आणि त्याच्या हाताला तिथलीच अक्षरं बसली होती. पाटी टांगून झाली, सगळ्यांनी वर पाहिलं, तर ‘येथे लेझीमने दातांची कीड काढली जाते’. रंगारी बिचारा ओशाळून डबा-ब्रश घेऊन परत शिडीवर चढायला लागला. डॉक्टर पाटीखाली येऊन म्हणाले, "उतर खाली. राहू दे. माणूस हसत आत आला की तोंड आधीच उघडलेलं असतं."

ही हकिगत मला मावशींनी सांगितली. मावशी म्हणजे दवाखान्याच्या सबकुछ. नंबर त्या लावायच्या, अवजारं त्या उकळायच्या, आणि डॉक्टरांना जेवायची आठवणही त्याच करायच्या. पाटीचा परिणाम मी स्वतः पाहिला तो त्यांच्याकडे कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात. एका शाळेचे व्यायामशिक्षक आले, खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच म्हणाले, "प्रजासत्ताक दिनासाठी चाळीस लेझीम हवेत. भाड्याने देता काय?"

डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "लेझीम नाहीत. पण तुमच्या वरच्या उजव्या दाढेत भोक आहे. बोलताना दिसतं. बसा."

ते बसले. अर्ध्या तासाने दाढ भरून बाहेर पडले, आणि पुढच्या महिन्यात बायकोला आणि मेहुण्याला घेऊन आले.

पण मला आधी माझं सांगायला हवं, नाहीतर डॉक्टरांनी माझ्यासाठी काय केलं ते कळणार नाही.

माझे बाबा चिरेखाणीत काम करायचे. जांभ्या दगडाचे चिरे कापण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. शिष्यवृत्तीवर दंतवैद्यक शिकलो, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका म्हाताऱ्या गृहस्थांची दाढ कोरताना ड्रिल जास्त खोल गेलं. नस उघडी पडली. रक्त आलं. गृहस्थ बिचारे मलाच म्हणाले, "होतं रे पोरा." बाहेरून आलेले परीक्षक मात्र म्हणाले, "हात फार जड आहे. असा हात चिरेखाणीत चालतो, तोंडात नाही."

माझे बाबा कोण आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. वाटलं, या माणसाने नुसता हात बघून कूळ ओळखलं.

दुसऱ्या खेपेला पास झालो, पण ड्रिल हातात घेतलं की तळव्याला घाम फुटायचा. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या भांडारात कारकुनाची जागा होती. ती घ्यायची आणि पदवी पेटीत ठेवायची असं मी मनाशी ठरवलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. बाबा खाणीवर सगळ्यांना सांगत सुटले होते की मुलगा डॉक्टर झाला. अशात गावच्या गुरुजींनी लेझीमवाल्या डॉक्टरांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. गुरुजींचा मान राखायचा म्हणून नुसतं तोंड दाखवायला गेलो.

डॉक्टर पाठ नसलेल्या स्टुलावर ताठ बसले होते. मी जाऊन टेबलावर हात ठेवले.

"टेकू नकोस," ते म्हणाले.

मी हात काढले.

"काय येतं तुला?"

"काही नाही, डॉक्टर. माझा हात जड आहे."

"किती?"

मला प्रश्न कळला नाही. डॉक्टरांनी आत हाक मारली. दवाखान्यामागेच त्यांचं घर होतं. काकूंनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून टेबलावर ठेवला आणि काही न विचारता परत गेल्या. असल्या गोष्टींची त्यांना सवय असावी. डॉक्टरांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. "दात कोरताना दाबतोस तसं या काट्यावर दाब."

मी दाबलं. काटा सरकला.

"हं. मध्यम वांग्याएवढा," डॉक्टर म्हणाले. "पाव वांगं पुरतं. घरी काय करतात?"

सांगावं की नाही असा विचार करत होतो, पण त्यांच्यापुढे खोटं सुचायचं नाही. परीक्षकांचं वाक्यही सांगितलं. डॉक्टर एकदम खूश झाले. "म्हणजे दगड कापणाऱ्यांतला आहेस? अरे, मग आपण एकाच धंद्यातले. मावशी, हे आपले नवीन डॉक्टर. चिरेवाले डॉक्टर म्हणायचं यांना."

त्या दिवसापासून माझं तेच नाव पडलं. जे ऐकून मी महिनोन्‌महिने झोपलो नव्हतो, ते डॉक्टरांनी पदवीसारखं माझ्यापुढे लावलं. काही दिवसांनी पेशंटही विचारायला लागले, "चिरेवाले आहेत काय आज?"

‘टेकू नकोस’ हे डॉक्टरांचं मुख्य वाक्य होतं. भिंतीला टेकलेलं त्यांना चालायचं नाही, दाराच्या चौकटीला नाही, टेबलाला तर नाहीच. पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकांनाही ते सांगायचे. एकदा एक मोठे सरकारी अधिकारी काउंटरला रेलून उभे होते, त्यांना डॉक्टर म्हणाले, "साहेब, सरळ उभे राहा. काउंटर पडणार नाही, तुम्ही धरलं नाहीत तरी." साहेब सरळ झाले. मला हा नुसता विक्षिप्तपणा वाटायचा. मशीन हातात आलं तेव्हा त्यातली मेख कळली.

ड्रिल दाताला टेकतं, घासतं, खरवडतं. लेझर टेकत नाही. हातात पेनाएवढी दांडी असते, तिला काचेचं बारीक टोक. त्यातून डोळ्याला न दिसणारा किरण निघतो. नेम धरायला तेवढा लाल ठिपका दिसतो, आणि बाजूने पाण्याचा फवारा येतो. टोक दातापासून केसभर वर धरायचं आणि पायाने पेडल दाबायचं. दाबायचं ते एवढंच. हाताचा जोर तिथे काही कामाचा नाही. टोक टेकवलं तर ते मोडतं.

मी पहिल्या आठवड्यात तीन मोडली. डॉक्टर रागावले नाहीत. दर वेळी फक्त "टेकलास" म्हणायचे, आणि मोडलेलं टोक माझ्या खिशात टाकायचे. ती तिन्ही अजून माझ्याकडे आहेत.

पहिले सहा महिने त्यांनी मला एकाही माणसाच्या दाताला हात लावू दिला नाही. अंड्यांवर शिकवलं. उकडलेल्या अंड्याचं कवच खिडकीसारखं चौकोनी उडवायचं, पण आतल्या पापुद्र्याला ओरखडा जाता कामा नये. रोज चार अंडी. ती नंतर मावशींना खावी लागत. चौथ्या महिन्यात मावशी म्हणाल्या, "चिरेवाले, लवकर शिका हो. मला आता कोंबडी बघितली तरी कसंतरी होतं."

अंड्यांनंतर काढलेले खरे दात. डॉक्टर ते मिठाच्या पाण्यात बुडवून बरण्यांत ठेवायचे, कारण सुकलेल्या दातावर लेझर नीट चालत नाही. बरण्या लोणच्याच्याच होत्या. एकदा मी बरणी उघडली तर आत मिठातले आवळे. मी आणि डॉक्टर दोघेही मागच्या घराकडे धावलो. काकूंनी जेवणाच्या टेबलावर दुसरी बरणी ठेवलेली होती, आणि चिपळूणहून आलेले त्यांचे मामा चमचा हातात घेऊन तिचं झाकण फिरवत होते. डॉक्टरांनी बरणी काढून घेतली. "हे अजून मुरलं नाही, मामा," एवढंच म्हणाले.

दात सुकला की काम का होत नाही, हे डॉक्टर प्रत्येकाला समजावत. त्यासाठी त्यांनी दवाखान्यात एक लहानशी कढई आणि गॅसची शेगडी ठेवली होती. पेशंट घाबरलेला दिसला की कढईत मूठभर भात टाकायचे. आमच्याकडे सालासकट असतो त्या भाताला भातच म्हणतात. तडतड लाह्या फुटायच्या.

मिरकरवाड्याची एक मासळीवाली आजी आली होती, तिचा आणि डॉक्टरांचा संवाद मला तोंडपाठ आहे.

"डॉक्टर, लेझीम लावा नि किडा काढून माझ्या हातावर ठेवा."

"किडा नसतो गो दातात."

"नसतो कसा? माझ्या आवशीच्या दातातला त्या दाताला धूर देणाऱ्यान दाखवलान होता. पांढरा होता."

"त्यान तो खिशातून आणलान असणार."

"मग किडा नाय तर कीड कसली? नि तुम्ही काढता काय?"

"पाणी काढतो."

आजीने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्या बघण्यात होतं. "दातात पाणी? मी काय शहाळं आहे?"

"शहाळंच आहेस. बाहेरून टणक, आत ओलं. हे बघ." डॉक्टरांनी कढई पुढे ओढली. "भाताच्या दाण्यात थोडं पाणी असतं. तापलं की त्याची वाफ होते. वाफेला जागा जास्त लागते. दाण्यात ती नाही, मग काय करते?"

"फुटते."

"फुटते. तसं दातात पण पाणी असतं. अगदी थोडं. पण किडलेल्या भागात पुष्कळ असतं, तो भाग मऊ पडलेला असतो ना. हा किरण पाण्यालाच जाऊन लागतो. तिथल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते नि तेवढा कण उडतो. दाताची बारीक लाही. किडलेलं भराभर उडतं, चांगलं आहे ते हळू. वरून पाणी मारत राहायचं म्हणजे दात तापत नाही नि सुकतही नाही."

आजीने कढईतली एक लाही उचलून बोटांत दाबून पाहिली. "नि सुका भात?"

"फुटत नाही. नुसता करपतो."

"मग तसं आधी सांगायचं ना," असं म्हणून आजीने खुर्चीवर मान टाकली. डोळ्यांवर आम्ही जाड चष्मा चढवला. मशीन चालू झालं. ड्रिलसारखी घरघर नाही, नुसती टिक टिक टिक, चुलीत ओली फाटी पेटल्यासारखी. काम संपल्यावर आजी उठून म्हणाली, "खरंच हो. तोंडात लेझीम वाजली." बाहेर बसलेल्या चार जणांना तिने ते ऐकवलं, आणि पाटी खरी ठरली.

प्रत्येक वेळी सगळं इतकं सोपं नसे. कोणाला इंजेक्शन द्यावं लागायचं. चांदीचं जुनं भरण असेल तर तिथे लेझर चालत नाही, ड्रिलच घ्यावं लागतं. वरच्या टणक थराला वेळही जास्त लागतो. डॉक्टर हे आधीच सांगून टाकायचे आणि मग म्हणायचे, "घाई असेल तर समोर दुसरा दवाखाना आहे. तो चांगला आहे. पण लाह्या देत नाही."

डॉक्टर फोन घेत नसत. फोनवर खाडाखोड दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. काही सांगायचं असेल तर लिहून द्यायचं. मग ते लाल शाईने शुद्धलेखन तपासून कागद परत करायचे. मावशींच्या रजेच्या चिठ्ठीवरही लाल खुणा असत. मी एकदा दिवसाच्या नोंदीत ‘लेझरने दोन दाढा केल्या’ असं लिहिलं, तर त्यांनी ‘लेझर’ खोडून वर ‘लेझीम’ लिहिलं. समासात शेरा होता, ‘पाटी पाहावी.’

याच डॉक्टरांना एक दिवस माझे बाबा भेटले. हापूसची पेटी घेऊन आले होते. डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि दोन तास फक्त खाणीबद्दल विचारलं. चिरा कसा कापतात, कुठून सुरुवात करतात, किती खोल जातात. बाबा आधी लाजत होते. मग म्हणाले, "खाणीत असतो तोवर चिरा ओला असतो. मऊ असतो. तेव्हाच कापून घ्यायचा. वर काढला, ऊन-वारा लागला, की मग तो कोणाला ऐकत नाय."

डॉक्टर उठून उभेच राहिले. "ऐकलंस? ओला आहे तोवर. मी लाह्या फोडत बसलो इतकी वर्षं, आणि हे तुझ्या घरात होतं." त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्यावर लाल खूण केली नाही.

जेवताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की बाबा एकाच बाजूने चावतात. विचारल्यावर बाबांनी डाव्या गालावर हात ठेवला. "दुखते. पण मशीन लावणार नाय. दिवसभर तोच आवाज ऐकला जन्मभर." त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नाही. खाणीतल्या कापायच्या मशीनने ती नेली, मी शाळेत असताना. डॉक्टरांनी हात पाहिला आणि आमटीचं भांडं बाबांपुढे सरकवलं.

बाबांना एस.टी.त बसवून आलो तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही समजावलंत तर ते ऐकतील, डॉक्टर. आपल्या मशीनचा आवाज तसा नाही."

"तो पेशंट माझा नाही," डॉक्टर म्हणाले. "तुझा आहे. तुझी तयारी झाली की तो येईल."

माझी तयारी झाली नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. अंडी जमत होती, बरणीतले दात जमत होते. पण जिवंत माणूस खुर्चीत आला की ते म्हातारे गृहस्थ आठवायचे आणि मी बाजूला होऊन डॉक्टरांना जागा द्यायचो. मिरजोळ्याची जागा गेली होती, पण तशा दुसऱ्या निघत होत्या, आणि त्यांच्या जाहिराती मी अजून कापून ठेवत होतो.

एका शनिवारी दुपारी दवाखाना रिकामा असताना डॉक्टर आले आणि स्वतः खुर्चीत आडवे झाले.

"खालची डावी, शेवटून दुसरी. कीड आहे. चार महिने झाले."

"कोणाला दाखवली होती?"

"मला. आरशात."

"मग कोणाकडून करून का घेतली नाही?"

डॉक्टर छताकडे बघत म्हणाले, "ड्रिलची भीती वाटते."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात फिरवलं. खुर्चीवर बसलेला माणूस खुर्चीच्या दांड्या कशा धरतो ते बघितलंय. मशीन कशाला आणलं असं वाटलं तुला? गावासाठी? माझ्यासाठी आणलं. चल, चष्मा दे."

"डॉक्टर, माझा हात—"

"हात लागतच नाही यात. कान दे. कीड असेल तिथे आवाज भरलेला येतो, चांगल्या दाताला पोचलास की बारीक होतो. मला तोंड उघडं ठेवून बोलता येणार नाही. मी काही सांगणार नाही. तुलाच ऐकायचं आहे."

मावशींनी पाण्याची बाटली मशीनला लावली आणि माझ्याकडे न बघता बाजूला उभ्या राहिल्या. मी टोक दाढेच्या केसभर वर धरलं आणि पेडल दाबलं.

आवाज भरीव आला, ओल्या लाकडासारखा. किडलेला भाग पिवळट भुकटी होऊन पाण्याबरोबर जात होता. डॉक्टरांचे हात पोटावर होते. खुर्चीच्या दांड्या त्यांनी धरल्या नव्हत्या. थोड्या वेळाने काठाशी आवाज बारीक झाला, तसा मी सरकलो, पुन्हा भरीव. मी काय करतोय याचा मला विसर पडत चालला होता. फक्त ऐकत होतो. आणि मग एकाएकी आवाजातला ओलावा गेला. टिक टिकच होती, पण कोरडी, नख आपटल्यासारखी.

मी पाय उचलला.

नंतर वर पाहिलं तर फवारा बंद होता. बाटली रिकामी. तसंच चालू ठेवलं असतं तर दाढ तापली असती, काळी पडली असती, आणि नस तिथून फार लांब नव्हती. मावशींनी दुसरी बाटली लावली. राहिलेलं काम पूर्ण केलं, दाढ भरली. डॉक्टरांनी चूळ भरली आणि विचारलं, "मध्ये का थांबलास?"

"आवाज सुकला."

"बाटली बघून कळलं की ऐकून?"

"ऐकून. बाटली नंतर बघितली."

डॉक्टर उठून त्यांच्या स्टुलावर जाऊन ताठ बसले. "मावशी," ते म्हणाले, "चिरेवाल्यांना लाह्या द्या."

लाह्या काम झालेल्या पेशंटला मिळत. मी त्या उभ्यानेच खाल्ल्या, कुठेही न टेकता.

बाटल्या धुवायला मागे गेलो तेव्हा मावशी हळूच म्हणाल्या, "निम्मीच भरायला सांगितलनी मला. मी म्हटलं, तुमची दाढ जाईल हो. तर ऐकतात कुठं."

मी तडक आत आलो. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांवर आवाज चढवला. "मला कळलं नसतं तर? तुमची दाढ गेली असती."

"गेली असती," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "दाढा मला अजून आहेत. धंदा तुला एकच आहे."

कापून ठेवलेल्या जाहिराती त्या दिवशी मावशींनी शेगडी पेटवायला नेल्या. मीच दिल्या.

पुढे मी दोन वर्षं त्यांच्याकडे होतो. मग देवरूखला येऊन स्वतःचा दवाखाना काढला. डॉक्टरांनी काही काळाने दवाखाना बंद केला आणि काकूंसह अंजनवेलला भावाच्या घरी राहायला गेले. हात थरथरायला लागल्यावर माणसाने भाजी निवडावी, असं त्यांनी कळवलं, अर्थात पत्राने. त्यानंतर आठवड्याभरात माझ्या दारात आंब्याचा टेम्पो थांबला. आत पेटीत, पेंढ्यात नीट बसवलेलं मशीन होतं, कढई होती, आणि वर ती पाटी. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘ज्या दिवशी तुझा पेशंट येईल त्या दिवशी कळव.’

पाटी मी दारावर लावली. देवरूखच्या लोकांनाही आता तिचं काही वाटत नाही. आणि गेल्या रविवारी डॉक्टरांना हे पत्र टाकलं.

देवरूख

ती. डॉक्टरांना आणि काकूंना साष्टांग नमस्कार.

माझा पेशंट आज आला. स्वतःहून आला, सकाळच्या पहिल्या गाडीने. दारावरची पाटी वाचली, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी म्हटलं, "बाबा, टेकू नका." तर म्हणाले, "हे तुझ्या डॉक्टरांचं ना?"

खालच्या डाव्या बाजूची दाढ आहे, तुमचीच जागा. कीड खोल होती, पण नस वाचली आहे. इंजेक्शन देऊ का विचारलं तर नको म्हणाले. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी उजव्या हाताने दांडी घट्ट धरली, आणि डाव्या हाताची चार बोटं माझ्या गुडघ्यावर ठेवली. मी लाह्या फोडून दाखवणार होतो. त्याची गरज पडली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "दात ओला हाय काय?" मी म्हटलं, "ओला आहे." ते म्हणाले, "मग काप."

लेझर सुरू केला. पहिल्या टिकटिकीला ते दचकले. मग मला जाणवलं की गुडघ्यावरची बोटं सैल झाली आहेत. थोड्या वेळाने दांडीवरचा हातही सुटला. मध्ये चूळ भरायला थांबलो तेव्हा म्हणाले, "ह्यो आवाज त्या मशीनचा नाय. ओल्या चिऱ्यातनं भुगा सुटतो तसा हाय." पाण्याची बाटली पूर्ण भरलेली होती. मी दोनदा पाहिली.

दाढ भरून झाल्यावर त्यांना लाह्या दिल्या. दोन्ही बाजूंनी चावून बघितल्या. परत जाताना गाडीत शेजारच्या माणसाला ते सांगत होते की मुलाचा हात इतका हलका आहे की लागल्याचं कळतसुद्धा नाही. मी खिडकीखाली उभा राहून ऐकत होतो. लेझरमध्ये हात लागतच नसतो, हे त्या माणसाला मी सांगितलं नाही.

डॉक्टर, मी टेकलो नाही. एकदाही नाही.

या पत्रात जिथे जिथे मी ‘लेझर’ लिहिलं आहे तिथे तुम्ही लाल शाईने ‘लेझीम’ कराल हे मला माहीत आहे. म्हणूनच तसं लिहिलं. पत्र परत यायला काहीतरी कारण हवं.

आपला,
चिरेवाले डॉक्टर